कयासाची वही

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे ऑल्टन या लहानशा गावाला लागून एका जुन्या सरदार घराण्याची मोठी जहागीर होती. वाड्याचे आता भग्न अवशेष उरले आहेत आणि भोवतालच्या बागेत, झाडीत, दरीत मनोरंजनाचे मोठे उद्यान उभे आहे. ऑल्टन टॉवर्स हे त्याचे नाव. १९८० साली तिथे 'कॉर्कस्क्रू' नावाचा रोलर कोस्टर आला आणि तेव्हापासून त्या शांत गावाच्या कानी किंकाळ्या पडू लागल्या. किंकाळ्या आल्या की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारीही आल्याच. म्हणून तिथे एक शिस्त पाळावी लागते. नवे काही उभारायचे तर ते झाडांच्या शेंड्यांवरून डोकावता कामा नये, आणि उभारण्याआधी त्याचे नकाशे स्थानिक कौन्सिलकडे देऊन परवानगी काढायची. हे नकाशे कुणालाही पाहता येतात. गावकऱ्याने ते पाहावेत, हरकत असेल तर नोंदवावी, एवढ्यासाठीच ते उघडे ठेवलेले असतात.

पण ते नकाशे सर्वांत बारकाईने वाचणारे लोक वेगळेच आहेत. त्यांना ना त्या गावात घर, ना शेत. खांब किती, पाया किती खोल, रूळ कुठे वळतो, कुठे जमिनीखाली शिरतो, एवढेच त्यांना पाहायचे असते. हे रोलर कोस्टरचे शौकीन. दुसरा शब्द आम्हाला सुचत नाही. पतंगाचा शौकीन असतो, कबुतरांचा असतो, तसेच हे. अमेरिकेत त्यांची संघटना १९७८ पासून आहे, युरोपात त्यांचे क्लब आहेत. वर्षाचे काही महिने ते पाळण्यात बसतात आणि उरलेले महिने पुढचा पाळणा कोणता येणार याची अटकळ बांधतात. आमच्या मते त्यांना बसण्यापेक्षा अटकळीतच जास्त गोडी आहे.

उद्यानवाल्यांनीही या खेळात रंग भरला. मोठा नवा पाळणा बांधायला घेतला की त्याचे खरे नाव सांगायचेच नाही. नाव ठरलेले, 'सिक्रेट वेपन', म्हणजे गुप्त हत्यार, आणि पुढे फक्त आकडा. पहिले आणि दुसरे हत्यार कागदावरच राहिले. तिसरे १९९४ साली निघाले, ते 'नेमेसिस'. झाडांच्या वर जायची परवानगी नाही, तर खाली जाऊ, असे म्हणून खडक सुरुंगाने फोडून दरी खोदली आणि तिच्यात रूळ फिरवले. चौथे १९९८ चे 'ऑब्लिव्हियन'. त्यात गाडी जवळजवळ सरळ उभी जमिनीतल्या बोगद्यात कोसळते. पडण्याची उंची ५५ मीटर, पण जमिनीवर दिसणारा भाग त्याच्या निम्माही नाही. मग २००२ चे 'एअर', २०१० चे 'थर्टीन', २०१३ चे 'स्मायलर', २०१८ चे लाकडी 'विकर मॅन'. म्हणजे आठ आकडे झाले. पुढचे नाव कळण्याआधी नकाशातल्या रेघेवरून ते काय असेल हे ओळखायचे, ही त्या लोकांची परीक्षा. प्रश्नपत्रिका उद्यानवाला काढतो आणि उत्तरपत्रिका तोच लपवून ठेवतो.

आता रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान-गणित शिकवणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. (लेखात 'आम्ही' म्हटले असले तरी आम्ही एकटेच आहोत. एकट्या मास्तराचे कोण ऐकते, म्हणून अनेकवचन.) आमच्याकडे पाळणे येतात ते उरुसाला. लाकडी घोडे, आकाशपाळणा आणि मौत का कुआँ. पुढच्या वर्षी कोणता पाळणा येणार याची अटकळ आम्ही कधी बांधली नाही, कारण पुढच्या वर्षी तोच येतो.

संबंध आला तो नववीच्या पुस्तकातून. 'कार्य आणि ऊर्जा' असा पाठ आहे. उंचावर ठेवलेल्या दगडात जी ऊर्जा दडलेली असते तिला मराठीत स्थितिज ऊर्जा म्हणतात, आमच्या उर्दूत 'तवानाई बिलकुव्वा'. शब्द मोठा सुंदर आहे, पण पोरांच्या गळी उतरत नाही. बी.एड.ला असताना आम्हाला शिकवले होते की, अमूर्तापासून सुरुवात करू नका, मुलाच्या अनुभवाला हात घाला. अनुभव कोणता? २०१६ साली शाळेची सहल खोपोलीच्या इमॅजिकाला गेली होती. तिथे 'नायट्रो' नावाचा रोलर कोस्टर आहे. त्यात बसले की पायाखाली काहीच नसते. आम्ही त्यात एकदा बसलो. त्या बसण्याची हकीकत सांगण्यासारखी नाही, कारण आम्ही काहीच पाहिले नाही. डोळे मिटलेले होते. पोरांनी मात्र सर्व पाहिले आणि वर आम्हालाच विचारले, "सर, आपने आँखें खोली थीं क्या?"

त्या सहलीनंतर पाठ सोपा झाला. साखळी गाडीला वर ओढून नेते, मग तिला सोडून देते. पुढे इंजिन नाही, काही नाही. वर चढवलेली तवानाई खाली येताना वेग होते. पाठाची तयारी करताना आम्ही हे लोक पाळण्यांबद्दल काय लिहितात ते वाचू लागलो आणि वाचता वाचता पाठ बाजूला राहिला.

कारण त्यांची रीत आम्हाला आवडली. हे लोक कशावरून काय ओळखतात ते पाहा. अमेरिकेत जमिनीपासून २०० फुटांहून उंच काही उभारायचे असले तर विमान वाहतुकीच्या खात्याला आधी कळवावे लागते. ती नोंद सर्वांना खुली असते. तीत एखाद्या उद्यानाचा पत्ता आणि उंचीचा आकडा दिसला की पहिला धागा हाती आला. नव्या पाळण्याचे नाव दुसऱ्याने चोरू नये म्हणून कंपनी ते नोंदवून ठेवते. ते रजिस्टरही खुले. दुसरा धागा. मग कारखान्यातून रुळांचे तुकडे येऊन उद्यानाच्या मागच्या मैदानात पडतात. रस्त्यावरून जाणारा एखादा शौकीन कुंपणापलीकडून फोटो काढतो. तिसरा धागा, आणि हा सर्वांत मजबूत. रुळाच्या पाठीचा कणा चौकोनी पेटीसारखा असेल तर तो बॉलिजर आणि माबिलार्ड या स्विस कंपनीचा असण्याचा संभव फार. आमच्या खोपोलीचा नायट्रो त्यांचाच, आणि नेमेसिस, ऑब्लिव्हियनही त्यांचेच. या कंपनीच्या पोकळ रुळांवरून गाडी गेली की विशिष्ट गडगडाट होतो. शेजारी वस्ती असेल तर आवाज दबावा म्हणून काही ठिकाणी रुळांच्या पोकळीत वाळू भरतात. म्हणजे वाळूच्या गाड्या आल्या तर शौकीन त्यातूनही काही काढतील.

हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा सहलीला गेलेल्या एका मुलीने लगेच नायट्रोखाली उभे राहून काढलेला फोटो दाखवला. कणा खरोखरच चौकोनी होता. तीन वर्षांत आमचे म्हणणे कुणी पुराव्यानिशी तपासल्याचा तो पहिला प्रसंग.

ऑब्लिव्हियनचे गणितही आम्ही फळ्यावर केले. ५५ मीटरवरून पडणाऱ्या वस्तूचा खाली पोचतानाचा वेग किती? पोरांनी काढला ताशी ११८ किलोमीटर. उद्यान सांगते ११०. उरलेले आठ कुठे गेले यावर तास संपला. हवेने खाल्ले, चाकांनी खाल्ले, असे ठरत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "उद्यानवाल्यांनी खाल्ले असतील, सर." आमच्या गावात नळयोजनेचे पाइप मोजून घेतलेले नाहीत, त्याचा हा परिणाम.

पण अटकळीचा खरा नमुना पाहायचा तर ओहायो राज्यातल्या सँडस्की गावाकडे जायला हवे. तिथे सरोवरात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर सीडर पॉइंट नावाचे जुने उद्यान आहे. १९९१ साली तिथे 'मीन स्ट्रीक' नावाचा लाकडी रोलर कोस्टर बांधला होता. पंचवीस वर्षांत तो इतका धक्के देऊ लागला की बसणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची. १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो बंद झाला. पुढे काय, हे उद्यानवाल्यांनी सांगितले नाही. आता लाकडी सांगाडा तर उभाच होता. नुसते पाडायचे असते तर पाडला असता. शौकिनांना आठवले ते टेक्सास. तिथे २०११ साली आयडाहोच्या एका कंपनीने जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवून त्याच पाळण्याला नवा जन्म दिला होता. इथेही तसेच होईल, असे त्यांनी मांडले. मग रुळांचे तुकडे दिसू लागले, सांगाड्याची उंची वाढू लागली. सर्व काही जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि उद्यान गप्प. १६ ऑगस्ट २०१७ रोजी घोषणा झाली: 'स्टील व्हेंजन्स'. मूळचा १६१ फुटांचा पाळणा २०५ फुटांचा झाला आणि ५ मे २०१८ रोजी सुरू झाला. शौकिनांनी जे मांडले होते तेच निघाले.

याला आम्ही कयास म्हणू. हा शब्द मराठीत आमच्याकडून आला. मूळ अरबी धातूचा अर्थ मोजणे, माप लावणे. मदरशात चार दिवस बसलेल्यालाही तो ठाऊक असतो. एका ठिकाणी लागू झालेला निर्णय तसेच कारण दिसले तर दुसऱ्या ठिकाणी लावायचा. टेक्सासमध्ये काय झाले, इथे कारण तेच आहे का, मग इथेही तेच होईल का. आणि मराठीत गेलेला आमचा दुसरा शब्द म्हणजे अफवा. त्याचा अरबी अर्थ तोंडे. तोंड या शब्दाचे अनेकवचन, बस. कयासाला माप लागते, अफवेला नुसती तोंडे लागतात. दोन्ही शब्द मराठीने एकाच दाराने घरात घेतले आणि पुढे मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे लोक त्यांची अदलाबदल करत राहिले, याचे आम्हाला वाईट वाटते.

त्या लोकांतही अफवा पिकतात, नाही असे नाही. भांडणेही होतात. २०० फुटांच्या वरच्या पाळण्याला एक नाव, ३०० च्या वरच्याला दुसरे, ४०० च्या वरच्याला तिसरे, अशी त्यांची वर्गवारी आहे. २०२० साली ओहायोतच 'ओरायन' आला. त्याची उंची २८७ फूट, पण तो दरीत उतरत असल्यामुळे घसरण ३०० फुटांची. मग तो तीनशेच्या वर्गात बसतो की दोनशेच्या? यावर त्यांच्यात जी जुंपली ती वाचताना आम्हाला आमच्या मोहल्ल्यातली एकोणतिसाव्या रोजाची रात्र आठवली. चाँद दिसला की नाही? कुणी पाहिला? तो माणूस कुठे उभा होता? त्याच्याबरोबर आणखी कोण होता? फोनवरून आलेली गवाही चालेल का? एकीकडे शीरखुर्म्याचे दूध आटवायला घेतलेले असते आणि दुसरीकडे मौलवी साहेब शांतपणे विचारत असतात, "ज्याने पाहिला त्याला इथे घेऊन या." आमच्या लोकांना पुराव्याची शिस्त नाही असे कुणी म्हटले तर आम्ही या रात्रीकडे बोट दाखवू. फक्त उरलेल्या रात्रींना ती शिस्त कुठे जाते, हे विचारू नये.

उद्यानवालेही साधे नव्हेत. ऑल्टनचे सहावे हत्यार, 'थर्टीन', हे त्याचे उदाहरण. जुन्या कॉर्कस्क्रूच्या जागी ते उभे राहत होते. २०१० च्या सुरुवातीला उद्यानाने हवा उठवली की हा पाळणा इतका भयंकर आहे की सोळाच्या खालच्यांना आणि पंचावन्नच्या वरच्यांना बसूच देणार नाहीत, बसणाऱ्याकडून आधी सही घेतली जाईल. वर्तमानपत्रांनी ते छापले. मार्चमध्ये पाळणा उघडला. निघाला घरच्या मंडळींनी मिळून बसावे असा. उंची जेमतेम वीस मीटर. मात्र एक नवल त्यात होते. गाडी अंधाऱ्या खोलीत थांबते आणि रुळाचा तुकडा गाडीसकट पाच मीटर खाली पडतो. असे जगात आधी कुणी केले नव्हते. आमच्या मते पाळणा चांगला, जाहिरात वाईट. ज्यांनी जाहिरात वाचली ते रुसले. नकाशात एवढ्या लहान पाळण्याचा एवढा बाऊ कसा मावेल, असे ज्यांनी आधीच विचारले असेल त्यांच्यावर रुसायची पाळी आली नसणार.

हे सर्व आम्ही मौजेखातर वर्गात सांगत होतो. मौजेचे काम झाले २०१८ साली.

त्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा राज्यभर फिरत होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजाराच्या दिवशी भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ती माणसे भिक्षा मागून पोट भरणारी होती. पंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले. त्या दिवसांत फोनाफोनी फिरणारी एक चित्रफीत आमच्या नववीतल्या एका पोराकडेही आली होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. खाली मजकूर, आपल्याच जिल्ह्यातली घटना, सावध राहा, पुढे पाठवा.

त्या दिवशी विज्ञानाचा तास होता. आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला, 'पाहिले'. दुसरा, 'कयास'. तिसरा, 'ऐकीव'. आणि पोरांना म्हटले, सीडर पॉइंटच्या लोकांनी रुळाचा फोटो जसा वाचला तशी ही चित्रफीत वाचा. पहिल्या रकान्यात फार थोडे आले. दोन माणसे, एक मोटारसायकल, एक मूल. गाव कोणते? दिसत नाही. तारीख? दिसत नाही. पाट्या कोणत्या लिपीत? वाचता येत नाहीत. पुढे काय झाले? तिथेच कापले आहे. एका मुलीने विचारले, "कापले कुणी आणि का?" हा प्रश्न मोठ्या माणसांनी त्या महिन्यात विचारलेला आमच्या ऐकण्यात नव्हता. ती चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेली होती. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, मूल पळवायला एक क्षण पुरतो. तो शेवट कापला की जे उरले ते आपल्या राज्यात फिरले. हे वर्तमानपत्रांतून आले ते आम्ही दुसऱ्या दिवशी पोरांना वाचून दाखवले. 'आपल्याच जिल्ह्यातली' हे तिसऱ्या रकान्यात लिहिलेले होते. त्यावर काट मारायला जी मुलगी फळ्याकडे आली तिने खडू इतका दाबला की तो मोडला.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या नाक्यावर चटया विकणाऱ्या एका परप्रांतीय फेरीवाल्याला लोकांनी घेरले होते. आवाज चढले होते. चहाच्या टपरीवाल्याने त्याला आत बसवले, हाती चहा दिला आणि दारात उभा राहून सांगितले की पोलीस येईपर्यंत कुणी आत यायचे नाही. पोलीस आले, कागद पाहिले, माणूस संध्याकाळच्या एस.टी.ने गेला. हे आमच्या फळ्यामुळे झाले असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तो टपरीवाला चौथी नापास आहे. पण तेव्हापासून ते तीन रकाने फळ्यावरून एका जाड वहीत उतरले आणि ती वही दर वर्षी नव्या नववीच्या हाती जाते. वर 'कयासाची वही' असे नाव कुणीतरी उर्दूत आणि खाली मराठीत लिहिले आहे. मराठीत 'वही'ची वेलांटी ऱ्हस्व आहे, ती आम्ही दुरुस्त केलेली नाही.

वहीत सर्व प्रकार आहेत. परीक्षेच्या तारखा, क्रिकेट, गावात येणाऱ्या पुलाचे काय झाले, अमुक आपा बदलून जाणार का. शिक्षकांबद्दलचा तिसरा रकाना आम्ही वाचत नाही. पण पाळण्यांची पाने सर्वांत जास्त, कारण पाळण्याच्या अटकळीत कुणाचे नुकसान नाही आणि उत्तर कधी ना कधी कळतेच. मापाचा सराव करायला याहून चांगली जागा आम्हाला मिळाली नाही.

त्यातले एक पान रियाधचे आहे. रियाधजवळ किद्दिया इथे मोठे उद्यान होणार आणि त्यात 'फाल्कन्स फ्लाइट' नावाचा, ताशी २५० किलोमीटर वेगाचा, चार किलोमीटरहून लांब पाळणा डोंगराच्या कड्यावरून खाली येणार, अशी घोषणा २०१९ साली झाली होती. अबुधाबीतला 'फॉर्म्युला रोसा' ताशी २४० चा, तो २०१० पासूनचा. आमच्या गावातले बापलोक आखातात, त्यामुळे तो पोरांना फोटोंवरून तोंडपाठ. पण याला चारचौघे हसत होते. शौकिनांतही दोन तट होते. असले काही उभे राहणारच नाही, हे नुसते चित्र आहे, असे म्हणणारे कमी नव्हते. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रियाधला ट्रेलर चालवतात. त्यांनी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका ट्रेलरचा फोटो पाठवला. ताडपत्रीखाली पोलादी नळ्या, टोकाशी किंचित वाकलेल्या. पोरगा तो घेऊन धावत आला, "सर, रूळ!"

वर्गाचे दोन भाग झाले. एक म्हणे रूळ, दुसरा म्हणे पाण्याची किंवा तेलाची नळी. "पाण्याची नळी वाकडी कशाला असेल?" "कोपऱ्यावर वाकते की!" "रुळाला आडवे तुकडे असतात, ते कुठे आहेत?" "ताडपत्रीखाली." ताडपत्री कुणाला उचलता येणार? शेवटी मुलाने स्वतःच्या हाताने 'पाहिले' या रकान्यात लिहिले, 'वाकलेल्या पोलादी नळ्या, ट्रेलरवर, रियाध', आणि 'कयास'मध्ये, 'रूळ असू शकतात'. 'असू शकतात' लिहिताना त्याचे तोंड उतरले होते. बापाने पाठवलेली वस्तू दुसऱ्या रकान्यात टाकणे सोपे नाही. आम्ही त्याला काही बोललो नाही. कुणीच काही बोलले नाही, हे त्या वर्गाचे मोठेपण.

ते उद्यान २०२५ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला उघडले. पाळणा झाला. त्या नळ्या कसल्या होत्या ते अजून कळलेले नाही आणि कळणारही नाही. मुलगा आता डिप्लोमाला आहे. त्याचे वडील रजेवर आले तेव्हा मशिदीबाहेर भेटले. आम्ही विचारले, "भाई, तो पाळणा पाहिलात का?" म्हणाले, "रस्त्यावरून दिसतो, सर. आत कुठे जातोय आपण." आणि मग स्वतःहून म्हणाले, "तो रूळच होता, बरं का." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

वहीतले आणखी एकच पान सांगतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात 'किंगडा का' नावाचा रोलर कोस्टर होता. २००५ साली सुरू झाला तेव्हा जगात सर्वांत उंच, ४५६ फूट. जवळजवळ वीस वर्षे तो मान त्याच्याकडे राहिला. २०२४ च्या शरदात शौकिनांमध्ये कुजबुज सुरू झाली की हा पाळणा कायमचा बंद होणार. पुरावा म्हणावा असा काहीच नाही, नुसती कुजबुज. अनेकांनी ती हसण्यावारी नेली. सर्वांत उंच पाळणा कोण पाडेल? त्या वर्षीच्या नववीतल्या एका मुलीने ते तिसऱ्या रकान्यात, 'ऐकीव'मध्ये, नीट नोंदवून ठेवले होते. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी उद्यानाने सांगितले की पाळणा बंद झाला आहे. होणार नव्हे, झाला. शेवटची फेरी कोणती हे बसणाऱ्यांना आधी सांगितलेच नव्हते. वर्षानुवर्षे प्रेम केलेल्या लोकांना निरोपसुद्धा घेता आला नाही, याचा त्यांना फार राग आला आणि तो राग आम्हाला समजला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून तो पाडला. काही सेकंदांत ४५६ फूट जमिनीवर आले.

ती चित्रफीत वर्गात सर्वांनी पाहिली. मग त्या मुलीने वही उघडली आणि विचारले की आता ही नोंद कोणत्या रकान्यात घ्यायची. खरी निघाली म्हणून पहिल्यात? की खरी निघाली म्हणजे ती आधीपासूनच कयास होती, आम्हीच तिला ऐकीव समजलो? एक मुलगा म्हणाला, खरी निघाली म्हणून काय झाले, त्या वेळी आपल्याकडे माप कुठे होते? दुसरा म्हणाला, पण ज्यांनी ऐकून आधीच जाऊन शेवटची फेरी मारली ते तर शहाणे ठरले ना? यावर बराच वेळ गेला. आम्ही उत्तर दिले नाही, कारण मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि आमच्याजवळ उत्तरही नव्हते. सुट्टीनंतर आलो तेव्हा त्यांनी आपसात ठरवले होते. नोंद जिथे होती तिथेच ठेवली होती, तिसऱ्या रकान्यात. फक्त शेजारी हिरव्या शाईने तारीख घातली होती, १४ नोव्हेंबर.